ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने सुरक्षाही विकावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या संस्थेत साठेक संगणक आहेत, सध्याच्या अँटिव्हायरसचे सब्स्क्रिप्शन दोन महिन्यांत संपते आहे आणि ज्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम या सर्व संगणकांवर आहे, तिनेच स्वतःचा सशुल्क सुरक्षा-संच देऊ केला आहे. आपल्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ज्याने घर बांधले त्यालाच त्याच्या भिंती नीट ठाऊक असतात, म्हणून तोच संच घ्यावा. दुसऱ्या सहकाऱ्याला हा प्रकार कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखा वाटतो. जो सिस्टीम कच्ची ठेवतो, त्यालाच राखणीचे पैसे का मोजायचे, असे तो विचारतो. अशा कंपनीने सुरक्षा विकणे मुळात योग्य आहे का, आणि तिच्याकडून आपण ती घ्यावी का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ संस्थांचे संगणक सांभाळण्याचे आणि हल्ला झाल्यावर ते पुन्हा उभे करण्याचे काम करतो आहे. माझ्या मते आपले दोन्ही सहकारी वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहेत; दोन्हींना ‘सुरक्षा’ हाच शब्द वापरला जात असल्यामुळे तो मतभेद वाटतो. सिस्टीमच्या कोडमध्ये राहिलेली चूक दुरुस्त करणे ही एक गोष्ट आहे. माणसाला फसवून आत शिरणारा मालवेअर (घातक प्रोग्रॅम) ओळखून अडवणे ही दुसरी. आणि साठ किंवा सहा हजार संगणकांवर काय चालले आहे यावर कोणीतरी रात्रंदिवस लक्ष ठेवणे, संशयास्पद काही दिसल्यास तो संगणक नेटवर्कपासून तोडणे, हल्लेखोर कुठून आला याचा माग काढणे, ही तिसरी. पहिल्या गोष्टीचे वेगळे पैसे मागणे मला अयोग्य वाटते. तिसऱ्या गोष्टीत माणसांचे अखंड श्रम असतात, म्हणून तिचे पैसे घेण्यात मला गैर दिसत नाही. खरा वाद मधल्या पट्ट्यात आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेली शंका मी अशी मांडेन : एखादी कमजोरी तशीच राहिल्यामुळे ज्याला उत्पन्न मिळते, तो ती काढून टाकण्याची घाई करील का?

यातले पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. एकाच सिस्टीमचे सगळे संगणक आणि ते पाहणारा एकच माणूस असेल तर उत्तर एका बाजूला झुकते. तीन प्रकारच्या सिस्टीम, स्वतःचे सर्व्हर आणि दोन-तीन जाणकार माणसे असतील तर दुसऱ्या बाजूला. त्यामुळे ‘योग्य आहे का’ याबद्दल मी ठामपणे बोलेन, आणि ‘घ्यावे का’ याबद्दल अटी घालून.

ही शंका जुनी आहे. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६.० सोबत मायक्रोसॉफ्टने एक अँटिव्हायरस दिला होता, आणि तो सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअर या कंपनीकडून परवान्यावर घेतलेला होता. त्यानंतरची दहा वर्षे हे क्षेत्र मुख्यतः बाहेरच्या कंपन्यांच्याच हाती राहिले. मग जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सांगितले की नवी वैशिष्ट्ये आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडावी. पुढच्या वर्षी कंपनीने रुमानियातील गेकॅड या कंपनीचे अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतले, आणि २००४ च्या अखेरीस जायंट नावाची स्पायवेअर-विरोधी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली. एकीकडे सिस्टीम मुळातून पक्की करण्याचे वचन आणि दुसरीकडे राखणदारीच्या बाजारात उतरण्याची तयारी, अशी दोन्ही पावले जवळपास एकाच वेळी पडली.

माझी स्वतःची समजूत त्याच सुमारास, ऑगस्ट २००३ मध्ये घडली. ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, ११ ऑगस्टला पसरू लागला. त्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिचा पॅच (ती दुरुस्त करणारे अपडेट) १६ जुलैलाच प्रसिद्ध झालेला होता. म्हणजे आमच्या हातात २६ दिवस होते आणि आम्ही ते वापरले नाहीत. लागण झालेला संगणक सुरू केला की पडद्यावर साठ सेकंदांची उलटमोजणी दिसायची आणि तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तेवढ्या वेळात पॅच उतरवून बसवणे शक्य नसल्यामुळे आम्ही नेटवर्कच्या केबल काढल्या आणि एकेका संगणकापाशी बसून सीडीवरून पॅच टाकत गेलो. त्या प्रत्येक संगणकावर अँटिव्हायरस होता आणि त्याचे पैसेही भरलेले होते. विंडोज एक्सपीमध्ये बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी फायरवॉलसुद्धा होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे. सुरू असती तर बाहेरून येणारी ती जोडणी आत पोहोचलीच नसती. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ हे एक्सपीचे मोठे अपडेट आले आणि त्याने ती फायरवॉल आपोआप सुरू केली. ज्यांना फायरवॉल म्हणजे काय हे ठाऊकही नव्हते, अशांच्या संगणकांवर त्या एका बदलाने जे संरक्षण आले, ते तोपर्यंत विकल्या गेलेल्या कोणत्याही अँटिव्हायरसने दिलेले नव्हते.

दुसरे उदाहरण ऑटोरनचे आहे. पेनड्राइव्ह लावताच त्यावरील प्रोग्रॅम आपोआप चालू व्हावा अशी सोय विंडोजमध्ये होती आणि कॉनफिकरसारखे वर्म तिच्या आधारे एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होते. अँटिव्हायरस कंपन्या अशा वर्मचे नवेनवे नमुने रोज ओळखत होत्या, आम्ही रोज त्यांची अपडेट्स घेत होतो आणि तरीही लागण होत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हसाठी ही सोय अपडेटद्वारे बंद झाली, आणि त्या मार्गाने होणाऱ्या लागणीत मोठी घट झाली. ऑफिसच्या फायलींमधील मॅक्रोंचीही (फायलीतच दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचीही) कथा अशीच आहे. इंटरनेटवरून आलेल्या फायलीतील मॅक्रो आपोआप अडवले जावेत हा बदल २०२२ मध्ये आला. त्याआधी कित्येक वर्षे खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांचा तो राजमार्ग होता. मार्गच बंद करण्याचे काम फक्त सिस्टीम आणि सॉफ्टवेअर बनवणाराच करू शकतो. बाहेरचा कोणी कितीही कुशल असला तरी त्या मार्गावर पहारा देण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसते. म्हणूनच बनवणाऱ्याने पहाऱ्याचा धंदा सुरू केला की मी सावध होतो : मार्ग बंद करण्याचा अधिकार असलेल्या माणसाला आता मार्ग उघडा राहण्यातही नफा दिसू शकतो.

मे २००६ मध्ये विंडोज लाइव्ह वनकेअर हे मायक्रोसॉफ्टचे सशुल्क सुरक्षा सॉफ्टवेअर बाजारात आले, तेव्हा ही शंका अगदी उघड रूपात समोर आली. तीन संगणकांसाठी वर्षाला ४९.९५ डॉलर अशी त्याची किंमत होती. सिस्टीमही त्यांचीच, तिचे पॅचही त्यांचेच, आणि पॅच येईपर्यंतच्या संरक्षणाचे बिलही त्यांचेच. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले, सप्टेंबर २००९ मध्ये त्याच्या जागी सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिले, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस सिस्टीमचाच भाग झाला. मला हा निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. त्या काळात घरगुती किंवा लहान कार्यालयातील संगणक तपासायला गेलो की बहुधा एकच दृश्य दिसे : संगणकासोबत आलेला चाचणी अँटिव्हायरस, त्याची मुदत केव्हाच संपलेली, आणि कोपऱ्यात रोज उमटणारी, रोज बंद केली जाणारी सूचना. मध्यम दर्जाचा पण सदैव चालू असलेला पहारेकरी अशा ठिकाणी मुदत संपलेल्या उत्तम पहारेकऱ्यापेक्षा पुष्कळ उपयोगी पडतो. सुरुवातीच्या काही वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमध्ये या अंगभूत संरक्षणाचे गुण यथातथाच असत. अलीकडे ते सहसा वरच्या रांगेत दिसते.

मोफत देण्याचीही एक काळी बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. सिस्टीमसोबत फुकट मिळणारी वस्तू प्रतिस्पर्ध्यांचा बाजार आटवते. कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरस कंपनीने २०१६ मध्ये रशियात आणि २०१७ मध्ये युरोपीय आयोगाकडे याच स्वरूपाची तक्रार केली होती. नव्या आवृत्तीपूर्वी प्रतिस्पर्ध्यांना पुरेसा वेळ मिळत नाही आणि त्यांच्या सूचना दाबल्या जातात, असे तिचे म्हणणे होते. मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केल्यावर त्याच वर्षी ती तक्रार मागे घेतली गेली. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, पण सामान्य वापरणाऱ्याचा संगणक उघडा ठेवून तो सोडवावा असे वाटत नाही.

येथवरच्या विवेचनावरून बाहेरचे सॉफ्टवेअर आपोआप अधिक विश्वासार्ह ठरते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अँटिव्हायरस हा स्वतः एक मोठा आणि गुंतागुंतीचा प्रोग्रॅम असतो. तो सर्वोच्च अधिकाराने चालतो, आणि जगातील सर्वांत घातक फायली उघडून पाहणे हेच त्याचे काम असते. २०१६ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातील टॅव्हिस ऑर्मंडी यांनी सिमँटेक या अँटिव्हायरस कंपनीच्या उत्पादनांत अशा गंभीर त्रुटी दाखवल्या, की केवळ एक ई-मेल येऊन पोहोचल्यानेही संगणकाचा ताबा जाऊ शकत होता. पुढच्या वर्षी त्यांनी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांनी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या अँटिव्हायरस इंजिनमध्ये त्याच तोडीची त्रुटी शोधली. दोन्ही बाजू येथे सारख्याच उघड्या पडल्या. फरक पुढे दिसला : २०१८ मध्ये विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसला सँडबॉक्समध्ये, म्हणजे हात बांधलेल्या वेगळ्या कप्प्यात, चालवण्याची सोय आली. सिस्टीम आणि तिचा पहारेकरी एकाच घरचे असल्यामुळे असे बदल तेथे सोपे जातात. आपल्या पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणे या मर्यादेत खरे आहे.

आता या वादाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो, तो म्हणजे कर्नलचा. कर्नल हा सिस्टीमचा गाभा. तेथे चालणारा कोड सगळे पाहू शकतो आणि तेथे चूक झाली तर सबंध संगणक कोसळतो. सुरक्षा सॉफ्टवेअरला तेथे जागा हवी असते, कारण हल्लेखोरही तेथे पोहोचण्याचा प्रयत्न करतो. ६४-बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने पॅचगार्ड नावाचे संरक्षण आणले आणि कर्नलमध्ये बाहेरच्यांनी फेरफार करण्यावर बंदी घातली. तांत्रिक दृष्टीने हे पाऊल योग्यच होते, कारण त्या काळचे अनेक अँटिव्हायरस नोंद नसलेल्या आडवाटांनी कर्नलमध्ये हात घालत आणि त्यामुळे संगणक अस्थिर होत. पण २००६ मध्ये व्हिस्टा ही विंडोजची नवी आवृत्ती येण्याच्या तोंडावर मॅकॅफी आणि सिमँटेक या अँटिव्हायरस कंपन्यांनी जाहीर हरकत घेतली. ज्या वर्षी वनकेअर विकायला काढले, त्याच वर्षी प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवली, असा त्यांचा रोख होता. अखेर त्यांच्यासाठी अधिकृत मार्ग खुले करावे लागले. २००९ मध्ये युरोपीय आयोगासमोर दिलेल्या परस्परकार्यक्षमतेच्या बांधिलकीतही हाच विषय आला : आपले सुरक्षा सॉफ्टवेअर जे मार्ग वापरते, ते इतरांनाही मिळाले पाहिजेत.

१९ जुलै २०२४ रोजी या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटी माहिती-फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर पोहोचली. नव्या नमुन्याला २१ मूल्ये अपेक्षित होती आणि प्रत्यक्षात कोड २० च पुरवत होता. एकविसावे मूल्य वाचायला गेलेल्या कर्नलमधील घटकाने स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि संगणक निळ्या पडद्यावर थांबले. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख संगणक कोसळले होते. त्यांतील पुष्कळ संगणकांपाशी माणसाने जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. ज्यांची डिस्क एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपात कुलूपबंद) होती त्यांना आधी ती उघडणारी रिकव्हरी की शोधावी लागली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या बाजूने २००९ च्या बांधिलकीकडे बोट दाखवले गेले : तिच्यामुळे बाहेरच्यांना कर्नलपासून दूर ठेवता येत नाही, असा तो युक्तिवाद होता. मला तो युक्तिवाद अपुरा वाटतो. त्या बांधिलकीचा गाभा समान वागणुकीचा आहे. उद्या बनवणाऱ्याने स्वतःचे सुरक्षा सॉफ्टवेअरही कर्नलबाहेर काढले आणि तेथून काम करण्यासाठी सर्वांना सारखी दारे दिली, तर समानताही राहते आणि धोकाही घटतो.

ॲपलने हेच पाऊल २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनापासून उचलले. सुरक्षा कंपन्यांसाठी कर्नलबाहेरून काम करणारी एंडपॉइंट सिक्युरिटी नावाची चौकट दिली आणि कर्नल एक्स्टेन्शनचा मार्ग हळूहळू बंद करत नेला. कुरबुर झाली, पण २००६ सारखा गदारोळ झाला नाही. याचे एक मोठे कारण माझ्या मते असे, की ॲपल अँटिव्हायरस वेगळा विकत नाही. एक्सप्रोटेक्ट हे तिचे मालवेअर ओळखणारे साधन २००९ पासून मॅकमध्ये अंगभूतच आहे. तांत्रिक पाऊल तेच असले तरी ते उचलणाऱ्याची विकाऊ वस्तू त्याच बाजारात नसेल, तर त्याच्या हेतूबद्दल इतका संशय येत नाही. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नलबाहेरून सुरक्षा चालवण्याची दिशा जाहीर केली आणि २०२५ मध्ये भागीदार कंपन्यांना ती सोय चाचणीसाठी देणे सुरू केले. तिचे स्वतःचे सशुल्क उत्पादनही त्याच दाराने ये-जा करते का, हीच मी त्या प्रयत्नाची कसोटी मानेन.

यानंतर पैशाचा मुद्दा येतो, आणि मला व्यक्तिशः तोच सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले की आदल्या वर्षी तिचे सुरक्षा व्यवसायातील उत्पन्न १० अब्ज डॉलरच्या पुढे गेले. जानेवारी २०२३ मध्ये तोच आकडा २० अब्ज झाला. उत्पन्न इतके वाढते, तेव्हा कोणते वैशिष्ट्य सर्वांना द्यायचे आणि कोणते महागड्या लायसन्समध्ये ठेवायचे, हा निर्णय केवळ अभियंत्यांच्या हातात राहत नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात याचे परिणाम दिसले. एका हल्लेखोर गटाने चोरलेल्या स्वाक्षरी-कीच्या (खात्यात शिरण्याचे परवाने खरे ठरवणाऱ्या डिजिटल किल्लीच्या) साहाय्याने मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधील ई-मेल खाती उघडली. २२ संस्था बाधित झाल्या, त्यांत अमेरिकेचे परराष्ट्र खातेही होते. ही घुसखोरी त्या खात्यानेच जूनमध्ये पकडली, आणि त्यांना ती पकडता आली याचे कारण म्हणजे त्यांच्याकडे वरच्या लायसन्समध्ये मिळणारे सविस्तर लॉग (कोणी काय उघडले याच्या नोंदी) होते. खालचे लायसन्स असलेल्या संस्थांना तो पुरावा दिसण्याची सोयच नव्हती. टीका झाल्यावर जुलैमध्ये कंपनीने ते लॉग अधिक ग्राहकांना वेगळ्या शुल्काविना देण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या अमेरिकी सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाच्या अहवालाने ही घुसखोरी टाळता येण्यासारखी होती असे म्हटले आणि कंपनीची सुरक्षा-संस्कृती अपुरी ठरवली. हे उदाहरण क्लाउड सेवेचे आहे, ऑपरेटिंग सिस्टीमचे नाही. पण विक्रेता आपल्याच वस्तूत झालेली चोरी पाहण्याचे डोळे वेगळे विकू लागला की काय होते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

मला याचा लहान प्रमाणावर स्वतः अनुभव आला आहे. एका संस्थेत हिशेब विभागातील एकाचे ई-मेल खाते कोणीतरी आठवडेभर वाचत होते, आणि शेवटी त्या खात्यातून बनावट बँक तपशिलाचे पत्र गेले, तेव्हा मला बोलावण्यात आले. कोणती पत्रे उघडली गेली, हा संस्थेचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. ज्या सेवेवर ते खाते होते तिच्या खालच्या लायसन्समध्ये ती नोंदच ठेवली जात नव्हती. नंतर वरचे लायसन्स घेतले तरी मागचे काही परत येणार नव्हते. आम्हाला प्रत्येक ग्राहकाला ‘आपली माहिती गेली असण्याची शक्यता आहे’ असे लिहावे लागले, कारण ‘गेली नाही’ असे सांगण्याचा आधार आमच्यापाशी नव्हता. त्या दिवसापासून मी कोणत्याही विक्रेत्याला पहिला प्रश्न लॉगबद्दल विचारतो.

जुन्या आवृत्त्यांच्या पॅचचे पैसे घेण्याबद्दल माझे मत मवाळ आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही तारीख बरीच आधी जाहीर झालेली होती. त्यानंतरही जुने वापरायचे असेल तर त्याचा खर्च कोणीतरी सोसायला हवा, हे मला पटते. उबुंटू या लिनक्स-आधारित सिस्टीमची निर्माती कॅनॉनिकलही उबुंटू प्रोद्वारे संस्थांना दीर्घ मुदतीचे पॅच विकते आणि व्यक्तींना पाच संगणकांपर्यंत ते मोफत देते. ही विभागणी मला समंजस वाटते. मात्र मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्म पसरला, तेव्हा विंडोज एक्सपीचा पॅच पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी आधीच तयार होता आणि तो सर्वांना खुला झाला तो हल्ला सुरू झाल्यावर. स्वतःहून पसरणाऱ्या वर्मच्या बाबतीत शेजाऱ्याचा पॅच न लावलेला संगणक हा माझाही धोका असतो. म्हणून अशा त्रुटींचे पॅच, तयार असतील तर, कोणापासूनही अडवून ठेवू नयेत.

तर ‘योग्य आहे का’ याचे माझे उत्तर असे : विकावी, पण तीन अटींवर. आपल्या सिस्टीममधील दोष झाकणारी कोणतीही गोष्ट, म्हणजे पॅच, सुरक्षित मूळ सेटिंग, प्राथमिक संरक्षण आणि चोरी ओळखण्यापुरते लॉग, सिस्टीमच्या किमतीतच यावी. स्वतःचे सशुल्क उत्पादन जी दारे वापरते, ती प्रतिस्पर्ध्यांनाही मिळावीत. आणि आपल्या उत्पादनातील त्रुटी बाहेरच्या संशोधकांनी दाखवल्या, तर त्या इतर कोणाच्या त्रुटींइतक्याच उघडपणे जाहीर व्हाव्यात. डिस्क एन्क्रिप्शन हे पहिल्या अटीत बसते की नाही, यावर माझे काही सहव्यावसायिक माझ्याशी वाद घालतात. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन पूर्ण रूपात केवळ महागड्या आवृत्त्यांत ठेवणे मला चुकीचे वाटते, कारण लॅपटॉप हरवण्याचा धोका स्वस्त आवृत्ती वापरणाऱ्यालाही तेवढाच असतो.

आता आपल्या साठ संगणकांबद्दल. आपण लिहिले आहे की हे सगळे पाहणारे आपण एकटेच आहात आणि त्याशिवाय आपल्याकडे दुसरीही कामे आहेत. माझ्या दृष्टीने कोणती कंपनी निवडावी यापेक्षा ही बाब अधिक निर्णायक आहे. महागड्या संचातील बरीचशी वैशिष्ट्ये इशारे निर्माण करतात, आणि इशारे वाचायला कोणी नसेल तर त्यांचा उपयोग हल्ल्यानंतरच्या चौकशीपुरता उरतो. म्हणून प्रथम अंगभूत संरक्षणच नीट चालू आहे का ते पाहा : सर्व साठ संगणकांवर ते सुरू आहे ना, वापरणाऱ्याला ते बंद करता येत नाही ना, इंटरनेटवरून आलेले मॅक्रो अडवले जातात ना, आणि रोजच्या वापराची खाती प्रशासक अधिकारांची नाहीत ना. मी पाहिलेल्या लहान संस्थांपैकी बहुतेकींना या चार गोष्टींनी जेवढा फायदा झाला, तेवढा नव्या खरेदीने झाला नाही.

त्यानंतर देऊ केलेल्या संचाचे लायसन्स वाचा, आणि जाहिरातीतील यादी बाजूला ठेवून दोनच गोष्टी शोधा. खात्यात कोण, कुठून, केव्हा आले आणि काय उघडले याचे लॉग त्यात मिळतात का, आणि ते किती दिवस राहतात? मला ९० दिवसांपेक्षा कमी मुदत पुरेशी वाटत नाही, कारण हल्लेखोर अनेकदा काही आठवडे गप्प बसून असतो. दुसरे म्हणजे, आपल्याकडील सर्व्हर, फोन किंवा वेगळ्या सिस्टीमचे संगणक त्याच किमतीत धरले आहेत का? तसे नसेल तर साठ संगणकांचा हिशेब प्रत्यक्षात फार पुढे जातो.

या दोन्ही गोष्टी समाधानकारक असतील आणि आपल्या सध्याच्या लायसन्सवर थोडीच भर पडत असेल, तर एकट्या माणसासाठी बनवणाऱ्याचाच संच घेणे व्यवहार्य आहे. एकाच ठिकाणी सगळे दिसते आणि सिस्टीमच्या नव्या आवृत्तीबरोबर भांडणे होत नाहीत. मात्र त्या वेळी एक गोष्ट बाहेरच ठेवा. बॅकअप दुसऱ्या कोणाकडे, वेगळ्या खात्याने आणि वेगळ्या पासवर्डने असू द्या, आणि त्याची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली असू द्या. सिस्टीम, लॉग-इनची खाती, पहारा आणि बॅकअप ही चारही एकाच कंपनीच्या एकाच खात्याखाली आली, तर त्या एका खात्याची चोरी म्हणजे सर्वस्वाची चोरी ठरते. आपल्याकडे सर्व्हर वेगळ्या सिस्टीमचे असतील आणि रात्री कोणीतरी लक्ष ठेवावे अशी गरज असेल, तर मात्र बाहेरच्या कंपनीची अशी सेवा घ्या जिच्यात इशारा आल्यावर प्रत्यक्ष माणूस कृती करतो. तेथे पैसे सॉफ्टवेअरचे नसून त्या माणसाचे असतात.

बदल करायचे ठरवलेत तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. प्रथम पाच संगणकांवर जुना अँटिव्हायरस त्याच्या निर्मात्याने दिलेल्या साधनाने पूर्ण काढा, कारण त्याचा अर्धवट राहिलेला ड्रायव्हर (सिस्टीमच्या गाभ्यात बसलेला भाग) नव्या संरक्षणाला गुपचूप निष्क्रिय ठेवू शकतो. दोन पहारेकरी एकाच वेळी सक्रिय ठेवू नका. दोन आठवडे हिशेबाचे आणि छपाईचे प्रोग्रॅम नीट चालतात का ते पाहा, मग दहा-दहाच्या गटांनी पुढे जा, आणि जुने सब्स्क्रिप्शन शेवटचा गट पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. संचाच्या लॉगबद्दलचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी मिळाले की ते येथे लिहा. त्यातील शब्दरचना पाहून मी आणखी नेमके सांगू शकेन.